कॅप्रिस की ओल्गा

आईने बोटीतलं पहिलं कपाट उघडलं, आत डोकं घातलं आणि वास घेतला.

"ओल हा," ती म्हणाली.

"मॅडम, बोट पाण्यात असते. थोडी ओल असणारच," सिप्रियान म्हणाला.

"माझ्या बापाशीची होडी पण पाण्यातच होती. तिका असो वास नव्हतो."

तिने दुसरं कपाट उघडलं. सिप्रियानने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

आम्ही गोव्यात, बेतीला मांडवी नदीत नांगरलेल्या कॅप्रिसवर होतो. मी, आई, बाबा आणि हा सिप्रियान. तो जुन्या शिडाच्या बोटी विकून द्यायचं काम करतो. त्याच्याकडे विकायला दोन होत्या, कॅप्रिस आणि ओल्गा. आज एक, उद्या दुसरी, दोन्ही समुद्रात नेऊन बघायच्या आणि मग ठरवायचं. बाबांना बोट फिरायला नको होती, राहायला हवी होती. मालवणचं घर भाड्याने द्यायचं आणि बोटीवर संसार थाटायचा. कारवार, कोची, लक्षद्वीप, जमलं तर आणखी पुढे. पावसाळा कुठल्यातरी खाडीत काढायचा.

बाबा जहाजावर चीफ इंजिनियर होते. म्हणजे आयुष्य समुद्रावर गेलं असं लोक म्हणतात, पण खरं तर ते समुद्राच्या खाली गेलं. इंजिनरूममध्ये. तिथून समुद्र दिसत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना तो बघायचा होता, इतकंच.

"पण तुझी आई हो म्हणाली तर," ते मला म्हणाले होते. "ती नाही म्हणाली तर विषय संपला."

माझाही विषय संपला असता. बोट झाली तर मी बोटीवर. नाही झाली तर इचलकरंजीला आत्याकडे, पुन्हा अकरावी, पुन्हा बाक. मी तेव्हा सोळाची होते. अकरावी दिवाळीतच सोडली होती. लोकांना वाटतं नापास झाले. नापास नव्हते, बसवत नव्हतं. मग तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे कामाला लागले. तिथे एक ठिगळं लावलेल्या शिडाची छोटी होडी होती, तिच्यावर मी शीड शिकले. एक दिवस मालकाने आमच्यातल्या एका पोरीला गिऱ्हाइकांसमोर आईवरून शिवी दिली. मी त्याचा वॉकीटॉकी पाण्यात फेकला. तेही संपलं.

म्हणून ते दोन दिवस मी फक्त आईच्या तोंडाकडे बघत होते. हो कुठे दिसतंय का.

कॅप्रिस सुरमईसारखी होती. लांब, निमुळती, अंगावर कुठे चरबी नाही. आत मात्र सगळी एकच खोली. जिन्याखाली ओटा, समोर टेबल, पुढे नाकाडात दोघांना झोपायला तिकोनी जागा, जिथे चार पाय एकमेकांत अडकणार. संडासात बसलं की गुडघे दाराला. बाबांना सगळीकडे मान वाकवून उभं राहावं लागत होतं. ते मोबाईलमध्ये मार्क रेकॉर्ड करत फिरत होते. ओट्याला ते गॅली म्हणतात.

"कॅप्रिस. गॅली. दहापैकी चार. हेडरूम. पाच. टॉयलेट..." ते आत जाऊन बसून आले. "टॉयलेट, तीन."

"आणि वेग?" मी विचारलं.

"वेग बाहेर गेल्यावर."

बाहेर गेल्यावर मला काही बोलावंच लागलं नाही. आग्वादचा किल्ला उजव्या हाताला मागे पडला, समुद्रावरून वारा आला, सिप्रियानने मोठं शीड ताणलं आणि कॅप्रिस एका कुशीवर कलली. मग ती जी निघाली. सुकाणूचं चाक माझ्या हातात होतं. बोटाने ढकललं तरी वळत होती. पाणी बाजूने फाटत होतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शिवीच असणार, कारण बाबांनी डोळे वटारले.

"साडेसात नॉट," सिप्रियान म्हणाला. "अजून जाईल. हिला फक्त वारा दाखवायचा."

मी आईकडे बघितलं. ती वरच्या बाजूला बसली होती. दोन्ही हातांनी कठड्याची तार धरलेली, पाय समोरच्या फळीला रेटलेले, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. आमच्या आजोळी बायका होडीत चढत नसत. आजोबा, मामा, सगळे मासेमारीला जात, बायका किनाऱ्यावर थांबून मासळी उतरवून घेत. चाळिशी उलटली होती, गाव समुद्राकाठी, नवरा जहाजावर, आणि ती पहिल्यांदा बोटीत बसली होती. चढताना तिने आधी कडेला हात लावून तो कपाळाला लावला आणि चपला काढून हातात घेतल्या.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"नाय."

"मजा येते ना?"

"तू फुडे बघ."

बाबा म्हणाले, "वृंदा, जरा खाली जाऊन आडवी हो. बंक कसा आहे ते कळेल."

"माका झोप नको."

"झोप कोण म्हणतंय? टेस्ट कर."

"चाय करतंय," ती म्हणाली आणि खाली गेली. थोड्या वेळाने खालून भांडं पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ फडकं पिळल्याचा. चहा वर आलाच नाही. ती वर आली आणि पुन्हा तार धरून बसली.

परत येताना बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "ही नाही चालायची."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? चहा सांडला."

"म्हणून बोट रद्द? मग चहा प्यायचा बंद करा."

"उर्वी, आवाज."

बाबांचं असंच. बायकोला सोय हवी हे त्यांनी ठरवलं होतं. फ्रिज, ओटा, संडास. बायकोला विचारलं नव्हतं. आणि मला तर कॅप्रिसच हवी होती. हाताला तिची सवय झाली होती, एका दिवसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर मी उठले तेव्हा आई केस विंचरून, पिशवी भरून खुर्चीत बसलेली होती. आई अशीच. ती माझ्या आधी झोपलेली मला आठवत नाही आणि माझ्यानंतर उठलेली तर नाहीच. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं झोपतच नाहीत. मग बाबा सुट्टीवर यायचे आणि घोरायचे, तेव्हा कळायचं की झोपतात.

ओल्गा म्हणजे गाभण म्हैस. रुंद, जड, पोट पाण्यात रुतलेलं. चाक नाही, सुकाणूला जाडजूड लाकडी दांडा.

"जर्मन नवरा-बायको हिच्यावर अकरा वर्षं राहिले," सिप्रियान म्हणाला.

"मग कुठपर्यंत पोचले? बेतीपर्यंत?" मी म्हटलं.

तो हसला. बाबा हसले नाहीत. ते आधीच आत गेले होते आणि त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. "ओल्गा. हेडरूम. दहापैकी नऊ. गॅली. नऊ. दोन केबिन, दोन्हींना दारं. टॉयलेट..." दाराची कडी लागली, निघाली. "टॉयलेट, आठ."

आईने कपाट उघडलं, डोकं आत घातलं. बाहेर काढलं.  दुसरं उघडलंच नाही. ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. ओटा तीन बाजूंनी वळलेला होता, मधे माणूस उभं राहिलं की कंबर आपोआप अडकायची. गॅसची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली. आईने ती बोटाने हलवली. शेगडी झुलली, वरचं पातेलं सरळच राहिलं.

"बघ, बघ," बाबा मला म्हणाले. जशी काय त्यांनीच बनवली होती.

समुद्रात गेल्यावर माझी शंका खरी ठरली. तोच वारा, तीच वेळ, आणि ओल्गा चालली होती जत्रेतून परतणाऱ्या म्हातारीसारखी. दांडा रेटायला दोन्ही हात लागत होते. वळायला सांगितलं की आधी विचार करायची, मग वळायची. लाटेवर आदळत मात्र नव्हती. लाट आली की हळूच वर, हळूच खाली.

"साडेचार," सिप्रियान म्हणाला.

"पोहत गेलो असतो."

"बाय, घर जोरात पळत नसतं."

"घरच हवं असतं तर घरी थांबलो असतो."

आईने चहा केला. चार कप वर आणून दिले, एक थेंब सांडला नाही. बाबांनी मोबाईलमध्ये काही न बोलता माझ्याकडे नुसतं बघितलं. मी चहा प्यायले. चांगला होता, तेच जास्त चीड आणणारं होतं. मग कप धुवायला आई खाली गेली.

वारा उजवीकडून येत होता, त्यामुळे बोट डावीकडे थोडी कललेली आणि तशीच स्थिर. मी किनारा मागे टाकून ओल्गा नैऋत्येला धरली होती. बाबा आणि सिप्रियान इंजिनाबद्दल बोलत बसले. बाबांना शिडातलं फार कळत नाही, इंजिन निघालं की ते खुलतात. बराच वेळ गेला. आई वर आली नाही.

मी दांडा मांडीला अडकवला आणि मान लांब करून जिन्यातून खाली बघितलं.

ती डाव्या बाजूच्या बाकावर झोपली होती. नुसती पडली नव्हती, झोपली होती. कुशीवर, भिंतीला टेकून, गालाखाली लाईफ जॅकेट. एक कप अजून हातात होता, बोटं सैल पडलेली. तोंड थोडं उघडं होतं. आणि ती घोरत होती. बारीक, शिट्टीसारखं.

मी परत सरळ बसले.

"चल, फिरव आता," बाबा म्हणाले. "परत पोचेपर्यंत संध्याकाळ होईल."

"थोडं पुढे जाऊ."

"आणि पुढे काय आहे?"

"सरळ गेलो तर आफ्रिका," सिप्रियान म्हणाला.

"मग आफ्रिकेला जाऊ."

"उर्वी, फिरव."

"नाही फिरवत."

"म्हणजे?"

"हळू बोला," मी म्हटलं. "आई झोपली आहे."

"मग झोपू दे ना. फिरव."

मला इतका राग आला की दांडाच उपटावा. पण ओरडता येत नव्हतं. रागात पुटपुटायची मला सवय नाही, घसा दुखतो. मी म्हटलं, "बाबा, डोकं चालवा. बोट आत्ता डावीकडे कललीय. आई डाव्या बाकावर आहे, भिंतीला टेकून. परत जायला फिरवली की वारा डावीकडून येणार, बोट उजवीकडे कलणार. मग ती बाकावरून खाली जमिनीवर."

बाबांनी सिप्रियानकडे बघितलं. सिप्रियानने मान हलवली. "बाय बरोबर बोलते."

"मग शीड उतरवू. इंजिन लावू. सरळ उभी राहील बोट."

"इंजिन कुठे आहे?"

त्यांना माहीत होतं, मघाशी त्यांनीच झाकण उघडून बघितलं होतं. इंजिन जिन्याखाली होतं, आईच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. त्यांचा हात किल्लीवर गेला होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"जाऊन उठवतो तिला."

"खबरदार."

"अगं, मी नवरा आहे तिचा."

"मग जाऊन बघा आधी."

ते जिना उतरले. मला वाटलं आता उठवतील. खालून काहीच आवाज आला नाही. सिप्रियान टोपी डोळ्यांवर ओढून बसला, आपला संबंध नाही असं दाखवत. मी दांडा धरून नाकासमोर नेत राहिले. किनारा मागे निळसर रेघ झाला होता. समोर काहीच नव्हतं. एक मोठी लाट तिरकी येताना दिसली, मी ओल्गाचं नाक थोडं तिच्याकडे वळवलं, लाट खालून निघून गेली. खाली काही पडलं नाही.

बाबा वर आले तेव्हा त्यांच्या हातात आईचा कप होता. तिच्या बोटांतून सोडवून आणलेला. ते माझ्या शेजारी बसले. खिशातून मोबाईल काढला, तोंडाजवळ धरला.

"ओल्गा. बंक," ते म्हणाले. पुढे मार्क बोललेच नाहीत. मोबाईल बंद करून खिशात टाकला.

"ती घोरते?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? नवरा कोण तिचा?"

"तू घरी असतेस."

"घरी ती झोपतच नाही. मी आज पहिल्यांदा बघतेय."

"झोपत नाही म्हणजे?"

"म्हणजे झोपत नाही. बसते. दाराची कडी बघते, गॅस बघते, मग खुर्चीत बसते. डॉक्टरने गोळ्या दिल्यात. त्या घेत नाही. म्हणते, गोळी घेऊन पडले आणि काही झालं तर? घरात दुसरं कोण आहे?"

बाबा समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, "मी जहाजावरून फोन करायचो. कधी ब्राझीलमधून, कधी कोरियातून. तुमच्याकडे रात्र आहे का दिवस, भान नसायचं. ती लगेच उचलायची. मी विचारायचो, झोपली होतीस का? ती म्हणायची, 'होय तर, गाढ. तुमीच उठवलात.'"

"लगेच उचलायची?"

"पहिल्या रिंगला."

"आणि तुम्हाला खरं वाटायचं?"

"वाटायचं."

"आणि म्हणे इंजिनियर," मी म्हटलं.

एरवी यावर एक फटका बसला असता, निदान हात तरी उचलला गेला असता. आज ते कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले. सिप्रियान टोपीखालून म्हणाला, "साहेब, बोट आजचा दिवस तुमचीच आहे. मला घाई नाही." त्याला घाई होती, घरी काहीतरी कार्यक्रम होता, सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

 ऊन उतरायला लागलं. माझे खांदे भरून आले. बाबांनी दांड्याला हात घातला तेव्हा मी घालू दिला, दोघांनी मिळून धरला. त्यांना लाट कशी घ्यायची ते कळत नव्हतं. मी हळू आवाजात सांगत होते, आत्ता, नको, आता सोडा, आणि ते शहाण्या पोरासारखं ऐकत होते. किनारा दिसेनासा झाला.

आई स्वतःच जागी झाली. जिन्यातून तिचं डोकं वर आलं. एका गालावर लाईफ जॅकेटच्या पट्ट्याचा वळ उमटला होता, केस एका बाजूला चपटे. तिने चारी बाजूंना बघितलं.

"किनारो खय गेलो?"

"मागे," बाबा म्हणाले.

"माका उठवलात कित्याक नाय?"

"हिला विचार. फिरवूच देईना."

"काय गो?"

"फिरवली असती तर तू पडली असतीस," मी म्हटलं.

"पडलंय असतंय. हाडा काय मोडणार होती?"

पण ती ओरडत नव्हती. डोळे चोळत होती, लहान पोरं चोळतात तसे, मुठींनी. ती येऊन आमच्या दोघांच्या मधे बसली आणि मोठी जांभई दिली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. तिला ते आवडलं नाही.

"काय बघतास? फिरवा आता. का हयच रवाचा हा?"

मी ओल्गा फिरवली. तिने विचार केला, मग फिरली, वारा डावीकडून घेतला आणि उजवीकडे कलली. खाली काहीतरी घरंगळलं. आईचं लाईफ जॅकेट, बाकावरून जमिनीवर.

आग्वादचा दिवा दिसायला लागला तेव्हा सिप्रियानने टोपी काढली. "मग साहेब? कॅप्रिस परत एकदा बघायची का सकाळी?"

बाबांनी आईकडे बघितलं. मार्कांबद्दल काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "वृंदा, तू सांग. घ्यायची का? आणि घ्यायची तर कुठली?"

मला माहीत होतं ती काय म्हणणार. तरी मी मधे बोलले. बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"आई, नीट ऐक. ही चालत नाही, सरपटते. वाऱ्यावर चढत नाही. वळायला सांगितलं तर हिला पत्र लिहावं लागतं. कॅप्रिस असती तर आपण एव्हाना धक्क्याला लागलो असतो. जेवत असतो."

"होय?"

"होय."

"मगे? इतक्या लवकर खय जावचा हा?"

मी दांडा उगाचच नीट धरला. 

"हीच घेवया," ती बाबांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि हिका रोज दांडो धरूक लावा. हिच्या हातात बरी रवता."

तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकायची मला सवय नव्हती, त्यामुळे मी शीड बघायला पुढे गेले. शिडाला काही झालं नव्हतं.

याला आता तीन वर्षं होतील. कॅप्रिस पुढच्याच मोसमात एका पुण्याच्या डॉक्टरने घेतली. त्याला चालवता येते, नाही असं नाही. कधी कारवारच्या बाहेर, कधी नेत्राणी बेटापाशी ती आम्हाला गाठते. मागून येते, बाजूने जाते, डॉक्टर हात हलवतो, आणि थोड्या वेळात तिचं शीड पुढे एवढंसं होतं. मी दांडा धरून बसलेली असते. येतात तेवढ्या सगळ्या शिव्या मी तिला घालते. पुटपुटत घालते, कारण खाली आई झोपलेली असते.